आमच्या ह्यांचं अक्षर

आमच्या ह्यांचं अक्षर सुंदर आहे. हे वाक्य मी लग्नाआधी ऐकलं, लग्नाच्या दिवशी ऐकलं, आणि आता दाराची बेल वाजली की तेच ऐकायचंय असं समजूनच दार उघडते. दारात कुणीतरी शेजारी उभे असतात. हातात कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा असतो आणि चेहऱ्यावर ते खास गोड हसू, जे फुकट काम करून घेणाऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. "वहिनी, दादा आहेत का? छापून घेता आलं असतं हो, पण त्यांच्या हाताची सर छापखान्याला कुठून येणार? घाई नाही. उद्या सकाळी दिलीत तरी चालेल."

हे आतून येतात, गठ्ठा घेतात आणि म्हणतात, "बरं." ह्यांच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द हाच. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या घरी ती नणंद होऊन राहायला आली आहे आणि जायचं नाव काढत नाही.

माझ्या वडिलांनी तरी वेगळं काय केलं? त्यांनी जावई पाहण्याआधी जावयाचं अक्षर पाहिलं. ओळखीतून बोलणी सुरू होती आणि ह्यांनी स्वतःची माहिती कळवणारं पत्र पाठवलं होतं. ते उघडताच वडील विरघळले. "अक्षरावरून माणूस कळतो," असं म्हणत त्यांनी ते मामाला दाखवलं, काकूला दाखवलं, खाली दुकान असलेल्या शिंप्यालाही दाखवलं. शिंपी म्हणाला, "द्या डोळे झाकून." लग्न झाल्यावर घर आवरताना आईने ते पत्र पहिल्यांदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की घर लहान आहे, मी फारसं बोलत नाही आणि आमची आई फार बोलते. बिचाऱ्यांनी सगळं खरं सांगितलं होतं. वाचलं कुणी?

मी स्वतः औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतलं अक्षर लावणं हा माझ्या नोकरीचा अर्धा भाग. लोक त्या अक्षराला हसतात, मी हसत नाही. मी चिठ्ठी उजेडात धरते, चष्मा वर करते, खाली करते, मालकांना दाखवते, आणि तरी शंका राहिली तर सरळ डॉक्टरांना फोन लावते. एवढ्या काळजीने जगात दुसरं काही वाचलं जात असेल असं मला वाटत नाही. दिवसभर ते मुंगळे वेचून घरी यावं, तर हे कुणाची तरी पाकिटं घेऊन टेबलाशी मोती ओवत बसलेले असतात. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण ज्याने केली त्याने आमचं घर पाहिलं असावं.

ज्या शाळेत हे शिकले त्याच शाळेच्या ऑफिसात हे क्लार्क आहेत. शाळा दुमजली. पुढे ऑफिस, मध्ये वर्ग आणि मागे पत्र्याच्या छपराखाली एक वर्कशॉप. तिथे मोडकी बाकं, अडकलेली कुलपं, गळके नळ असं सगळं दुरुस्त होतं. ह्यांचा जीव त्या वर्कशॉपात. जेवणाच्या सुट्टीत जाऊन एखादं बिजागर बसवून आले की हाताला ग्रीस लागलेलं असतं आणि चेहरा असा, की कुणीतरी बक्षीस दिलंय. पण ऑफिसात परतताच हात साबणाने धुवावे लागतात, कारण समोर पांढरे कागद असतात.

आता वळणबाईंबद्दल सांगायला हवं. त्या शाळेत सुलेखन शिकवतात. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण मुलं, पालक आणि हेडसरसुद्धा त्यांना वळणबाईच म्हणतात. त्यांचा विषय कर्सिव्ह, म्हणजे मराठी असो की इंग्रजी, पेन न उचलता अक्षराला अक्षर जोडत शब्द एका दमात लिहायचा. बाई फळ्यावर लिहायला लागल्या की वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते. हात खांद्यापासून फिरतो, खडू जराही करकरत नाही, आणि ओळ अशी सरळ जाते की फळ्याचीच कड वाकडी वाटावी. हे त्या फळ्यासमोर बसून शिकले. बाईंच्या आवडत्या विद्यार्थ्यांत हे पहिले होते आणि त्याची शिक्षा अजून भोगताहेत.

कारण बाईंचं एक गुपित आहे. फळ्यावर देवी, पण कागदावर? कागदावर बाईंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. खांद्यातलं वळण बोटांपर्यंत उतरलंच नाही. वहीच्या दोन रेघांमध्ये त्यांना एक शब्द धड बसवता येत नाही. हे शाळेत एकट्या ह्यांना माहीत होतं, आणि अर्थातच मला. बाईंनी वह्या तपासायला रबरी शिक्के करून घेतले आहेत. 'सुरेख', 'ठीक' आणि 'पुन्हा लिहा'. पालकांना वाटतं, काय शिस्त आहे बाईंची! झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण पुस्तीच्या पानावर शिक्का चालत नाही. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक ओळ लिहून द्यावी लागते, म्हणजे खाली मुलं तीच गिरवतात. ह्यांची नोकरी लागली त्या पहिल्याच दिवशी बाई ऑफिसात आल्या, ह्यांच्या टेबलावर वह्यांचा ढीग ठेवला आणि म्हणाल्या, "तुझा हात मी घडवलाय. म्हणजे तो माझाच की रे." हे म्हणाले, "बरं."

तेव्हापासून शाळा सुटते, शिपाई खोल्यांना कुलपं लावतो, मैदानावरची पोरंसुद्धा घरी जातात, आणि हे ऑफिसातल्या दिव्याखाली ओळी घालत बसतात. गावातली सगळी पोरं वळणबाईंचं अक्षर गिरवतात असा समज आहे. प्रत्यक्षात ती माझ्या नवऱ्याची संध्याकाळ गिरवत असतात.

मागे एकदा वर्कशॉपमधल्या मदतनिसाची जागा रिकामी झाली. मी ह्यांच्या मागे लागले. ह्यांनी अर्ज केला. "मला लिखाणाच्या कामातून मोकळे करून वर्कशॉपमध्ये पाठवावे, ही नम्र विनंती." हेडसरांनी अर्ज हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "वा!" मग तसेच उठून ते वळणबाईंकडे गेले. बाईही म्हणाल्या, "वा!" आणि अर्ज कसा लिहावा याचा नमुना म्हणून त्यांनी तो चौथीच्या वर्गात भिंतीवर लावला. त्या आठवड्यात घरोघरी पोरं तोंडातून जीभ बाहेर काढून गिरवत होती, "मला लिखाणाच्या कामातून मोकळे करावे." त्यांनी अगदी मनापासून गिरवलं असणार.

ह्यांनी धीर करून हेडसरांना आठवण करून दिली, तर ते म्हणाले, "अहो, असे हात काय स्क्रू पिळायला असतात? पाप लागेल मला." जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मी ऐकून पोट धरून हसले. हेही हसले. पण हसून झाल्यावर हे बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले होते. ते मला आवडलं नाही.

मग आमची लेक चौथीत गेली. तिला पळायचं वेड. जिन्यावरून कधी चालत उतरली असं मी पाहिलेलं नाही. शाळेच्या मैदानावर तिच्याहून मोठ्या मुली तिच्या मागे राहतात. खेळाच्या तासासाठी ती शाळेत जाते आणि बाकीचे तास ती सोसते. अशा पोरीचं अक्षर वाईट असायला काय हरकत होती? पण नाही. वर्षाच्या सुरुवातीला एके दिवशी तिने वही उघडून दाखवली आणि पानभर तेच ते वळण. जणू हेच लहान होऊन लिहायला बसले होते. सासूबाई ते पान घेऊन मजल्यामजल्यावर फिरून आल्या. "बापावर गेलीय! नुसती बापावर!" हे मात्र पानाकडे बघून पांढरेफटक पडले.

थोड्याच दिवसांत व्हायचं तेच झालं. शाळेत प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक वस्तूपुढे पुठ्ठ्यावर तिचं नाव लिहून ठेवायचं होतं. लेकीला खेळाच्या तासाला वर्गात बसवलं गेलं. दुसऱ्या दिवशीही बसवलं, तिसऱ्याही. खिडकीतून मैदान दिसतं म्हणाली.

"मग तू काय म्हणालीस वळणबाईंना?" मी विचारलं.

"बरं म्हणाले," लेक म्हणाली.

हे हातातला घास तसाच ठेवून ताटावरून उठले. हात धुतला, खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हिचं अक्षर बिघडवायला हवं."

त्या रविवारी आमच्या घरी अक्षर बिघडवण्याचा वर्ग भरला. हे लेकीला सांगत होते, "अक्षराचं पोट जास्त फुगव. ओळीवरून घसर. मध्येच पेन उचल, घाबरू नकोस, काही होत नाही." अडचण एकच होती. गिरवायला नमुना द्यावा तर ह्यांच्याकडे वाईट अक्षर नव्हतं. मुद्दाम तिरकं लिहायला गेले तर तेही गोंडस आलं. शेवटी ह्यांनी मला हाक मारली. माझं अक्षर म्हणजे औषधाच्या पुडीवर 'सकाळ-संध्याकाळ' लिहिण्यापुरतं. ते पाहून हे म्हणाले, "उत्तम! हेच पाहिजे." माझा कित्ता कुणी गिरवावा असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण मी जरा ताठच बसले.

सासूबाई दारातून ओरडल्या, "अरे, लोक मुलांची अक्षरं सुधारायला शिकवण्या लावतात! आणि तू लेकराचा हात मोडतोयस?" लेक बिचारी जीव तोडून वाईट लिहीत होती. ओळीच्या सुरुवातीला जमायचं. अर्ध्यावर लक्ष उडायचं आणि शेवटचे शब्द पुन्हा मोत्यासारखे यायचे. तासाभराने ह्यांनी पेन खाली ठेवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच सुमारास पालक समितीत एक प्रश्न निघाला. हल्ली सगळं मोबाइलवर बोटांनी दाबून लिहितात, तर मुलांना कर्सिव्ह शिकवायचं कशाला? तो वेळ दुसऱ्या कशाला तरी द्यावा. झालं, दोन तट पडले. एक तट म्हणे हाताने लिहिल्यावाचून डोकं चालत नाही. दुसरा म्हणे, डोकं चालत असतं तर हा विषय कधीच बंद झाला असता. जे लोक सहीपलीकडे काही लिहीत नाहीत ते कर्सिव्हच्या बाजूने सर्वांत मोठ्याने बोलत होते. समितीचे अध्यक्ष फर्निचरचे व्यापारी. लाकूड असो की वाद, फार लांबला की कापायचा, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी फर्मान काढलं की शाळेतल्या प्रत्येकाने आपलं मत एका पानावर लिहून द्यावं, आणि विषयच हस्ताक्षराचा असल्यामुळे ते हातानेच लिहावं. सभेत पानं वाचायची आणि तिथल्या तिथे निकाल लावायचा.

हे त्या दिवशी घरी आले ते वेगळेच दिसत होते. "मी लिहिणार," म्हणाले. "विषय बंद झाला की पुस्त्या बंद, ओळी बंद. आणि पोरीचं अक्षर आपोआप मोडेल, सराव सुटला की."

"लिहा," मी म्हटलं, "पण वाईट लिहा. माझं ऐका, मी चिठ्ठ्या वाचणारी बाई आहे. सुंदर लिहिलंत तर कुणी वाचणार नाही."

ह्यांनी प्रयत्न केला. भराभर लिहून पाहिलं, मांडीवर कागद ठेवून पाहिलं, डाव्या हाताने पाहिलं. डाव्या हाताचं जरा थरथरलेलं आलं, पण त्यालाही एक नजाकत होती. मेलं ते अक्षर काही केल्या कुरूप होईना. शेवटी हे सरळ बसले आणि नेहमीच्या हाताने एका दमात पान लिहून काढलं. मग आम्हाला वाचून दाखवलं.

"कर्सिव्ह शिकवू नये असे मला वाटते. शिकवायचेच असेल, तर ज्याचे अक्षर चांगले येईल त्याला 'नाही' म्हणायलाही शिकवावे. मला ते कुणी शिकवले नाही. या शाळेत आल्यापासून मी दुसऱ्यांचे लिहितो आहे. माझे लिहिलेले लोक बघतात, वाचत नाहीत. माझी मुलगी चौथीत आहे. ती फार छान पळते. तिला खेळाच्या तासाला वर्गात बसवून पुठ्ठ्यांवर नावे लिहायला लावतात, आणि ती 'बरं' म्हणते. तिला मैदानावर सोडावे, एवढेच माझे मागणे आहे."

इतकी वर्षं संसार करून ह्या माणसाला मी इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. सासूबाईसुद्धा गप्प होत्या, यावरून काय ते समजा.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती. पालक म्हणून मी मधल्या रांगेत बसले. हे मागे, भिंतीला टेकून. सुरुवातीला वळणबाईंना मत विचारलं. त्या शहाण्या. "मी कागदावर कशाला लिहू, माझा कागद हा," म्हणत फळ्याकडे गेल्या आणि एका दमात सबंध फळा भरेल असं वाक्य लिहिलं, 'जोडलेलं अक्षर, जोडलेलं मन.' टाळ्या पडल्या. वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मग पानं निघाली. पहिलं खेळाच्या सरांचं. ते अक्षर डॉक्टरांच्या पोटी जन्माला यायचं राहून गेलेलं. अध्यक्ष, हेडसर आणि आणखी एक पालक, अशी तीन डोकी त्यावर वाकली. एकेक शब्द लावला, अडले तिथे सरांना विचारलं, आणि त्यातल्या एका मुद्द्यावर खडाजंगी झाली. अशी चार-पाच पानं झाली. प्रत्येक पान वाईट होतं आणि प्रत्येक पान शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं गेलं.

मग ह्यांचं पान निघालं. अध्यक्ष गप्प झाले. मला वाटलं, वाचताहेत. त्यांनी पान उंच धरलं आणि म्हणाले, "वा!"

झालं! पान रांगेरांगेतून फिरलं. जो तो हातात घेई, मान डोलावी आणि पुढे देई. कुणी मोबाइलवर फोटो काढले. अध्यक्ष उभे राहून सांगत होते, "बघा! कर्सिव्ह बंद केलं तर असं अक्षर पुन्हा दिसेल का? सांगा!" कर्सिव्ह बंद करा म्हणून घसा कोरडा करणाऱ्या तटाचा पुढारीसुद्धा विरघळला. "असं येणार असेल, तर ठेवा बुवा," म्हणाला.

मला राहवेना. मी उठून उभी राहिले. "अहो, त्यात काय लिहिलंय ते वाचा तरी!"

"वहिनी," अध्यक्ष भरल्या गळ्याने म्हणाले, "असलं अक्षर वाचायचं नसतं हो, डोळे भरून बघायचं असतं." पुन्हा टाळ्या. मग ते ह्यांच्याकडे वळले. "तुम्हाला काही बोलायचंय?"

सगळ्यांनी माना मागे वळवल्या. हे भिंतीपासून सुटून उभे राहिले. मी मनात म्हटलं, बोला हो, एकदा तरी बोला. ह्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. मग म्हणाले, "जे म्हणायचं ते लिहिलंय."

"किती ही नम्रता!" कुणीतरी पुटपुटलं.

कर्सिव्ह चालू ठेवावं असा ठराव एकमताने झाला. शिवाय ते पान मोठं करून, चौकट घालून, प्रवेशदाराशी लावायचं ठरलं. मोठं करायला फोटो पुरेसा होता. मूळ पान वळणबाईंनी मागून घेतलं. "मी घरी नेते. नीट बघायचंय," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बघा. आणखी एका वर्गात लावा नमुना म्हणून.

घरी येताना मी ह्यांना सोडलं नाही. "तोंड कशाला दिलंय माणसाला? दोन वाक्यं बोलला असतात तर?"

"लिहिताना जमतं," हे म्हणाले. "बोलायला गेलो की बरं एवढंच येतं."

मी आणखी पुष्कळ बोलणार होते. पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि नुसती बरोबर चालत राहिले.

चौकट लागली. खाली पितळेची पट्टी, 'आदर्श हस्ताक्षर'. पालक मुलांना तिच्यासमोर उभं करून फोटो काढायला लागले. डोक्यावर चांगल्या बोटभर उंचीच्या अक्षरांत 'कर्सिव्ह शिकवू नये' लिहिलेलं, आणि खाली मूल दात काढून हसतंय. ह्यांना रोज आत-बाहेर जाताना त्याच दारातून जावं लागे. चौकट लावण्याचा छोटा समारंभही झाला. त्यासाठी पाहुण्यांच्या खुर्च्यांवर ठेवायच्या नावांच्या पट्ट्या कुणी लिहिल्या असतील? लेक घरी आली तेव्हा तिच्या बोटांना शाई होती. ह्यांनी विचारलंसुद्धा नाही. नुसता तिचा हात हातात घेऊन शाई पुसत बसले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एकदा दुकानातून लवकर आले, तर हे घरात. बाहेर चांगलं ऊन होतं. मला वाटलं, बरं नाही की काय.

"वह्या आल्याच नाहीत टेबलावर," हे म्हणाले. आवाजात काळजी होती. "बाई रागावल्या वाटतं. कुणी सांगितलं असेल त्यांना, मी विरुद्ध लिहिलंय म्हणून."

"सांगायला कुणी वाचायला तर हवं," मी म्हटलं.

तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली. लेक आत आली ती गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेली, एक ढोपर फुटलेलं, केस कपाळाला चिकटलेले. दप्तर फेकलं, तांब्याभर पाणी प्यायली आणि पुस्ती काढून ह्यांच्यापुढे धरली. "बाबा, आजची ओळ बघा ना! कुणी घातलीय काय माहीत. आम्ही सगळे हसलो. मग वाचता येईना, म्हणून सगळा वर्ग डोकं लावून बसला. शेवटी मीच ओळखली!"

पानाच्या माथ्यावर एक ओळ होती. म्हणजे ओळ म्हणायची. काही अक्षरं रेघेवर होती, काही खाली लोंबत होती, एक तर पार समासात गेलं होतं. हे त्या ओळीकडे बघतच राहिले.

"आणि वळणबाईंनी तुम्हाला हे दिलंय," म्हणत लेकीने खिशातून एक घडी काढली. घामाने दमट झाली होती.

हे घडी उघडून बसले. चष्मा लावला, काढला. इतक्या वर्षांत कसलं तरी लिखाण ह्यांना वाचता येत नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी चिठ्ठी माझ्या हातात आली. तो माझाच धंदा. मी ती खिडकीशी नेली, उजेडात धरली, चष्मा वर केला, खाली केला. लेक माझ्या कोपराशी आणि हे खांद्याशी. पहिला शब्द लागायला वेळ लागला. मग हात ओळखीचा झाला आणि मी एकेक शब्द मोठ्याने म्हणत गेले.

"तुझा कागद वाचला. भिंतीवरचा जुना अर्जही काढून वाचला. ओळी आता मीच घालीन. पोरं हसली तर हसू देत. तुझ्या मुलीला खेळाच्या तासाला बाहेर हाकललंय, पुन्हा कुणी आत बसवलं तर मला सांग."

ह्यांनी चिठ्ठी माझ्या हातून घेतली आणि आता स्वतः वाचायला लागले. ओठ हलत होते. पहिल्या तीन शब्दांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही ह्यांना सुचलं नाही.

लेकीने टेबलावरचं पेन आणि एक कोरा कागद आणून पुढे ठेवला. "उत्तर लिहिणार ना, बाबा?"

ह्यांचा हात सवयीने पेनाकडे गेला. टोपण उघडलं. मग ह्यांनी ते परत लावलं आणि उठले.

"नको," हे म्हणाले. "जाऊन सांगतो."

आणि चपला पायात सरकवून जिना उतरले.